द्राक्षबागेच्या मातीची परीक्षा

कीडनाशक फवारले जाते पानावर, काडीवर आणि घडावर. पण त्याचा बराच भाग अखेर जमिनीत उतरतो. ब्लोअरच्या झोतातून निसटलेले थेंब, पावसाने पानांवरून धुऊन आणलेले द्रावण, छाटणीनंतर ओळीत पडलेला पाला आणि ठिबकमधून थेट मुळाशी सोडलेली औषधे अशा वाटांनी ते मातीच्या वरच्या थरात येते. या थरातल्या एका ग्रॅम मातीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे लांबच लांब धागे, ॲक्टिनोमायसीट्स आणि आदिजीव. पालापाचोळा कुजवणे, शेणखतातील नत्र वेलीला घेता येईल अशा रूपात आणणे, स्फुरद मोकळे करणे, मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणे ही कामे हेच जीव करतात. केवड्याची बुरशी मारण्यासाठी बनवलेला रेणू मातीतल्या निरुपद्रवी बुरशीला वगळून काम करेलच असे नाही. त्यामुळे कीडनाशक मातीतील सूक्ष्मजीवांना किती बाधते हे मोजावे लागते. ते मोजण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत, आणि त्यांच्या मर्यादाही बऱ्याच अंशी माहीत आहेत.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण इथले पीक बहुवार्षिक आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षवेल एकदा लावली की दशकभर किंवा त्याहून अधिक काळ त्याच बोदावर उभी राहते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि या दोन्हींनंतर केवडा, भुरी, करपा, फुलकिडे, मिलीबग यांच्याविरुद्ध फवारण्या हा क्रम दरवर्षी चालतो. कांदा किंवा सोयाबीनच्या शेतात पीक बदलले की औषधेही बदलतात. द्राक्षबागेत तोच पट्टा वर्षानुवर्षे तशीच औषधे झेलतो.

बागायतदाराच्या हाती सहसा दोन अहवाल असतात. पहिला द्राक्षातील उर्वरित अंशांचा. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि युरोपला जाणाऱ्या मालाची तपासणी काटेकोर असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून या अहवालाचे वजन सर्वांना कळले आहे. दुसरा अहवाल माती परीक्षणाचा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये व सूक्ष्म अन्नद्रव्ये धरून बारा घटक असतात. त्यात तांबेही मोजले जाते, पण ते कमी पडते आहे का हे पाहण्यासाठी. फळात औषध किती उरले हे पहिला अहवाल सांगतो, मातीत अन्न किती आहे हे दुसरा. मातीतले जीव आपले काम करीत आहेत का, या प्रश्नाचे उत्तर दोन्हींत नसते.

जीव मोजायचे की त्यांचे काम?

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे माती पाण्यात ढवळून, अनेक पटींनी विरळ करून पोषक आगरावर पसरायची आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. ती सोपी व स्वस्त आहे, म्हणून कृषी महाविद्यालयांतील अनेक प्रबंधांत आजही दिसते. पण मातीतील बहुसंख्य जिवाणू अशा बशीत वाढतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्यांपैकी जेमतेम एखादा टक्का वसाहत करतो. औषधानंतर बशीतल्या वसाहती घटल्या, याचा अर्थ सहज वाढणाऱ्या मोजक्या जातींवर परिणाम झाला, इतकाच निघतो. उलट संख्या वाढली तरी ती चांगली खूण असेलच असे नाही. औषधाने मेलेल्या जीवांचे अवशेष खाऊन काही जाती काही दिवसांत फोफावतात.

म्हणून नियामक चाचण्यांनी संख्येऐवजी काम निवडले. कोणते काम निवडावे, यावर मात्र चाचणीची संवेदनशीलता अवलंबून असते. सेंद्रिय पदार्थ कुजवून कार्बन डायऑक्साइड सोडणे हे काम हजारो जाती करतात. गावात दहा चहाच्या टपऱ्यांपैकी तीन बंद पडल्या तरी कोणाचा चहा चुकत नाही, पण पिठाची एकुलती गिरणी बंद पडली की घरोघरी खोळंबा होतो. मातीतील श्वसन टपऱ्यांसारखे आहे आणि नत्रीकरण गिरणीसारखे. अमोनियमचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीव मोजक्या गटांत मोडतात: नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू, अमोनिया ऑक्सिडीकरण करणारे आर्किया, नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा. ते हळू वाढतात, आणि त्यांची जागा दुसरे कोणी चटकन घेत नाही. त्यामुळे विषारीपणाची खूण श्वसनाच्या आधी बहुधा नत्रीकरणात दिसते.

नत्राची चाचणी

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, जानेवारी २००० मध्ये दोन मार्गदर्शिका स्वीकारल्या. क्रमांक २१६ नत्राच्या रूपांतरासाठी आणि क्रमांक २१७ कर्बाच्या रूपांतरासाठी आहे. जगभरच्या नोंदणी प्रक्रियेत आज याच पद्धती आधारभूत मानल्या जातात.

चाचणी मातीच्या निवडीपासून सुरू होते. शेताच्या वरच्या वीस सेंटिमीटरमधून माती घ्यायची. त्या शेतात वर्षभर कीडनाशक, सहा महिने सेंद्रिय खत व तीन महिने रासायनिक खत पडलेले नसावे. माती वाळवायची नाही. ती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची आणि लगेच वापरता आली नाही तर अंधारात चार अंश सेल्सिअसच्या आसपास, जास्तीत जास्त तीन महिने ठेवायची. माती परीक्षणाच्या नमुन्याशी इथे मोठा फरक पडतो. तो नमुना सावलीत सुकवून पाठवतात. सुकलेली माती पुन्हा ओली केली की काही तासांत श्वसन एकदम उसळते, कारण सुकताना मेलेल्या जीवांचे अन्न उरलेल्यांना मिळते. अशा मातीवर औषधाचा परिणाम तपासायला घेतला तर सुकवण्याचा परिणामच मोजला जातो.

तयार मातीत ल्युसर्न घासासारख्या वनस्पतीची पूड मिसळतात, किलोला पाच ग्रॅम या प्रमाणात. पुडीतील कर्ब-नत्र गुणोत्तर १२ ते १६ च्या दरम्यान असावे लागते, म्हणजे ती कुजताना नत्र मोकळे होते आणि सूक्ष्मजीवांना रूपांतरासाठी कच्चा माल मिळतो. मातीचे तीन गट करतात: एक बिनऔषधाचा, एक अपेक्षित मात्रेचा, एक त्याच्या पाचपट मात्रेचा. प्रत्येक गटाची किमान तीन भांडी असतात. ती वीस अंशांवर, अंधारात, मातीच्या जलधारण क्षमतेच्या ४० ते ६० टक्के ओलीत ठेवतात. शून्याव्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने नायट्रेट काढून मोजतात.

अठ्ठाविसाव्या दिवशी औषधाच्या आणि बिनऔषधाच्या मातीतील नायट्रेटनिर्मितीच्या वेगात २५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल, तर त्या औषधाचा नत्राच्या रूपांतरावर दीर्घकालीन परिणाम नाही असे मानतात. फरक जास्त असेल तर चाचणी पुढे चालू ठेवतात, जास्तीत जास्त शंभर दिवसांपर्यंत. समजा, बिनऔषधाच्या मातीत सातव्या दिवशी जेवढे नायट्रेट झाले, त्याच्या ६० टक्केच अपेक्षित मात्रेच्या मातीत झाले. पण अठ्ठाविसाव्या दिवशी हे प्रमाण ८५ टक्क्यांवर आले. निकष पूर्ण झाला. पहिल्या आठवड्यातील मोठी घट इथे नाकारलेली नाही. ती तात्पुरती ठरली आहे. फरक दोन्ही दिशांनी मोजतात, म्हणजे नायट्रेट २५ टक्क्यांहून जास्त वाढले तरी तीही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. बिनऔषधाच्या भांड्यांमध्ये आपापसात १५ टक्क्यांहून अधिक तफावत पडली तर मात्र चाचणीच ग्राह्य धरत नाहीत.

हाच आकडा युरोपीय कायद्यातही आला आहे. प्रयोगशाळेत शंभर दिवसांनंतर परिणाम २५ टक्क्यांहून अधिक राहिला, तर शेतातील परिस्थितीत अस्वीकार्य दुष्परिणाम होत नाही हे सिद्ध केल्याशिवाय उत्पादनाला परवानगी मिळत नाही.

मात्रा कशी ठरते

चाचणीतील मात्रा शेतातल्या वापरावरून काढतात. हेक्टरी एक किलो क्रियाशील घटक जमिनीवर पडला आणि तो वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये मिसळला, असे धरले जाते. मातीची घनता दीड धरली तर हेक्टरभरातल्या त्या थराचे वजन साडेसातशे टन होते. एक किलो भागिले साडेसातशे टन, म्हणजे किलोभर मातीत सुमारे १.३३ मिलिग्रॅम. चाचणीची पहिली मात्रा ही, आणि दुसरी तिच्या पाचपट, म्हणजे सुमारे ६.७ मिलिग्रॅम.

हा हिशेब एका फवारणीचा झाला. द्राक्षबागेत तेच औषध किंवा त्याच गटातले दुसरे औषध हंगामात अनेकदा येते, त्यामुळे औषध मातीत किती काळ टिकते हे पाहावे लागते. एखाद्या औषधाचा अर्धायुकाल तीस दिवसांचा असेल आणि दर तीस दिवसांनी तितकीच मात्रा पडत असेल, तर मातीतील साठा वाढत जातो, पण एका मात्रेच्या दुपटीच्या पुढे जात नाही. कारण एक, अर्धा, पाव, अष्टमांश यांची बेरीज दोनच्या आत राहते. अर्धायुकाल सहा महिने असेल तर हीच बेरीज जवळपास नऊ पटींपर्यंत चढते, आणि पाचपट मात्रेची चाचणी तोकडी पडते. झाडाच्या पानांनी झेललेला भाग वजा करून आकडा कमी करता येतो, पण गोडी छाटणीनंतर वेल उघडी असताना पाने झेलणार तरी काय? पोंगा अवस्थेतील फवारणीचा जमिनीवर पडणारा वाटा भर छत्रीतल्या फवारणीपेक्षा खूप मोठा असतो. ठिबकमधून दिलेल्या औषधाचे गणित आणखी वेगळे आहे: ते हेक्टरभर पसरत नाही, ड्रिपरखालच्या ओल्या पट्ट्यातच साठते, आणि तिथली मात्रा सरासरीच्या अनेक पटींनी अधिक असते.

आणखी एक अडचण मिश्रणांची. नोंदणीसाठीची चाचणी एकेका उत्पादनाची होते. बागेत मात्र मॅन्कोझेब, गंधक, ट्रायझोल गटातील बुरशीनाशक आणि एखादे कीटकनाशक एका आठवड्यात एकाच बोदावर उतरू शकतात. यातील काहींची क्रिया एकमेकांना पूरक असते. मॅन्कोझेब ज्या डायथायोकार्बामेट कुळातले आहे, ते कूळ नत्रीकरण तात्पुरते रोखण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच वेळी तांबेही मातीत असेल, तर दोघांचा एकत्रित परिणाम एकेकट्या चाचण्यांच्या बेरजेवरून सांगता येत नाही. मिश्रणाचीच चाचणी घ्यावी लागते.

श्वसन, विकरे आणि एक सापळा

कर्बाची चाचणी अधिक झटपट होते. औषध मिसळलेल्या मातीत ग्लुकोज घालतात, किलोला चार ग्रॅमच्या आसपास, आणि पुढचे बारा तास सुटणारा कार्बन डायऑक्साइड किंवा वापरला गेलेला ऑक्सिजन मोजतात. आयते अन्न मिळाल्यावर जिवंत जीव किती जोमाने श्वास घेतात, यावरून त्यांच्या एकूण वस्तुमानाचा अंदाज येतो. जर्मनीतील अँडरसन व डोम्श यांनी १९७८ मध्ये ही पद्धत बसवली. त्याआधी दोन वर्षे इंग्लंडमधील रोथॅम्स्टेड येथे जेनकिन्सन व पॉल्सन यांनी दुसरी वाट काढली होती: क्लोरोफॉर्मच्या वाफेने मातीतले जीव मारायचे आणि त्यांच्या पेशींमधून मोकळा झालेला कर्ब मोजायचा. निरोगी शेतजमिनीत सूक्ष्मजीवांमधील कर्ब एकूण सेंद्रिय कर्बाच्या किमान एक टक्का असावा, अशी अपेक्षा ओईसीडीच्या मार्गदर्शिकेतही आहे.

श्वसन वाचताना एक काळजी घ्यावी लागते. ते वाढणे हे आरोग्याचे लक्षण असू शकते, तसेच ताणाचेही. ग्लायफोसेटसारखे तणनाशक काही सूक्ष्मजीव कर्ब व स्फुरदाचा स्रोत म्हणून वापरतात, तेव्हा श्वसन वाढलेले दिसते. विषामुळे पेशीची दुरुस्ती करण्यात ऊर्जा खर्च होऊ लागली तरी श्वसन वाढते, पण वस्तुमान वाढत नाही. म्हणून श्वसनाला जैविक वस्तुमानाने भागून येणारा आकडा अधिक बोलका ठरतो. वस्तुमान घटलेले आणि दर ग्रॅम वस्तुमानामागे श्वसन चढलेले, ही ताणाखालच्या मातीची खूण आहे.

भारतीय प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरली जाते ती डिहायड्रोजिनेज या विकराची चाचणी. ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड हे रंगहीन संयुग मातीत घालतात. जिवंत पेशींच्या श्वसनातील इलेक्ट्रॉन घेऊन ते लाल फॉर्मझानमध्ये बदलते. लाली जितकी गडद तितकी क्रिया अधिक. खर्च कमी, एका दिवसात निकाल, रंगमापकाशिवाय फारसे यंत्र लागत नाही. पण द्राक्षबागेच्या मातीसाठी याच चाचणीत सापळा आहे. रोथॅम्स्टेड येथील चंदर व ब्रुक्स यांनी १९९१ मध्ये दाखवले की तांबे या लाल फॉर्मझानशीच अभिक्रिया करते आणि रंग फिका पाडते. म्हणजे जीव पूर्ववत काम करीत असले तरी तांबे असलेल्या मातीत आकडा खाली येतो. तांबेयुक्त बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे पडलेल्या बोदावर डिहायड्रोजिनेज घटल्याचे आढळले, तर तो निष्कर्ष दुसऱ्या पद्धतीने, उदाहरणार्थ श्वसनाने किंवा क्लोरोफॉर्म पद्धतीने, ताडून पाहणे भाग आहे. फॉस्फेटेज व युरियेज या विकरांच्या चाचण्यांनाही एक मर्यादा आहे. ही विकरे पेशीबाहेर, चिकणमातीला चिकटून बराच काळ टिकतात, त्यामुळे आज जीव मेले तरी कालचे विकर काम करीत राहते.

द्राक्षवेलीच्या बाबतीत आणखी एका जीवाचा वेगळा विचार व्हायला हवा. वेलीच्या मुळांत राहून स्फुरद व पाणी पुरवणारी मायकोरायझा बुरशी नत्राच्या किंवा कर्बाच्या चाचणीत कुठेच दिसत नाही. ती स्वतंत्रपणे पाहावी लागते: मुळे ट्रिपॅन ब्लूने रंगवून त्यातील बुरशीचा विस्तार मोजायचा, किंवा फुनेलिफॉर्मिस मोसी या बुरशीचे बीजाणू मातीच्या संपर्कात उगवतात का ते बघायचे. बीजाणूंच्या उगवणीची आंतरराष्ट्रीय मानक चाचणी २००९ पासून उपलब्ध आहे.

तांबे: न संपणारे औषध

१८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये केवडा आला. बोर्दो विद्यापीठातील मिलार्दे यांना रस्त्याकाठच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचा लेप दिसला. तो चोरांना दूर ठेवण्यासाठी लावला होता. लेप असलेल्या वेली केवड्यापासून वाचल्या होत्या. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. नाशिकचा बागायतदार आजही तेच मिश्रण करतो: एक टक्क्याच्या बोर्डोसाठी एक किलो मोरचूद, त्याला पुरेल इतका कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी.

मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के. हेक्टरी हजार लिटर एक टक्का बोर्डो फवारले की दहा किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे बागेत जाते. सगळे मातीत उतरले आणि वरच्या पंधरा सेंटिमीटरमधील सुमारे दोन हजार टन मातीत मिसळले असे धरले, तर किलोभर मातीत सव्वा मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. आकडा लहान वाटतो, पण तांब्याला अर्धायुकाल नाही. मॅन्कोझेब विघटित होते, क्लोरपायरिफॉस विघटित होते. तांबे हे मूलद्रव्य आहे, ते कुठे जात नाही. वर्षाला अशा चार फवारण्या झाल्या तर पंचवीस वर्षांत सव्वाशे मिलिग्रॅम साठतात. युरोपातील जुन्या द्राक्षबागांच्या मातीत किलोमागे कित्येकशे मिलिग्रॅम तांबे आढळते, ते या साठवणीमुळेच. म्हणून युरोपीय संघाने २०१८ च्या नियमात सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो, ही मर्यादा घातली.

अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीत तांबे अनेकदा सहज उत्तीर्ण होते, कारण चाचणी एका हंगामाची मात्रा तपासते. साठ्याची चाचणी करायची तर चढत्या मात्रांची मालिका लावावी लागते आणि काम दहा टक्क्यांनी, पंचवीस टक्क्यांनी व निम्म्याने घटवणाऱ्या मात्रा काढाव्या लागतात. मग आपल्या बागेतला आजचा साठा त्या रेषेपासून किती दूर आहे हे कळते.

नाशिकची काळी माती

ओईसीडीची मार्गदर्शिका जी माती मागते ती वालुकामय आहे: वाळू ५० ते ७५ टक्के, सामू ५.५ ते ७.५, सेंद्रिय कर्ब ०.५ ते १.५ टक्के. अशी माती निवडण्यामागे तर्क आहे. हलक्या मातीत औषध कणांना कमी चिकटते, सूक्ष्मजीवांपर्यंत जास्त पोहोचते, त्यामुळे परिणाम लपत नाही. चाचणी मुद्दाम प्रतिकूल बाजूने घेतली जाते.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील माती मात्र बेसाल्टपासून बनलेली, चिकणमातीचे प्रमाण मोठे, चुनखडीमुळे सामू बहुधा ७.५ ते ८.५ दरम्यान. इथे तीन गोष्टी बदलतात. पहिली, बरीच औषधे स्मेक्टाइट चिकणमातीला घट्ट धरली जातात. तांबेही उच्च सामूवर व चुनखडीत अडकते आणि काळानुसार अधिकाधिक अविद्राव्य होते. बेसाल्टमध्ये तांबे मुळातच असते, म्हणून एकूण तांब्याच्या आकड्यावरून विषारीपणा ठरवता येत नाही. डीटीपीए द्रावणात निघणारे तांबे अधिक उपयोगी माप आहे, आणि शेजारच्या न फवारलेल्या बांधावरील मातीशी तुलना त्याहूनही उपयोगी. दुसरी, चिकटलेले औषध सूक्ष्मजीवांना विघटनासाठीही मिळत नाही, त्यामुळे ते कमी विषारी पण अधिक टिकाऊ होऊ शकते. तिसरी, तापमान. वीस अंशांची उबवण युरोपच्या शेताला साजेशी आहे. नाशिकला एप्रिल-मेमध्ये वरच्या थराचे तापमान त्याहून बरेच चढते. उष्णतेत विघटन वेगाने होते आणि नत्रीकरणही. त्यामुळे पंचवीस ते अठ्ठावीस अंशांवर समांतर चाचणी घेणे इथे योग्य ठरते.

काळ्या मातीवर प्रत्यक्ष काम करताना ओल हा कळीचा मुद्दा असतो. वाफसा आलेली मातीच चाळणीतून निघते. त्याआधी ती लगदा होते आणि नंतर ढेकूळ. उबवणीत ओल साठ टक्क्यांच्या वर गेली तर बारीक छिद्रांतून हवा निघून जाते आणि तयार झालेल्या नायट्रेटचे विनत्रीकरण होऊन ते वायूरूपात उडून जाते. नायट्रेट कमी दिसले म्हणजे औषधाने नत्रीकरण रोखले, असा चुकीचा निष्कर्ष इथे सहज निघतो. तो टाळण्यासाठी नायट्रेटबरोबर अमोनियमही मोजतात. नत्रीकरण खरोखर थांबले असेल तर अमोनियम साचलेले दिसते. नायट्रेट उडून गेले असेल तर दोन्ही कमी दिसतात. नायट्रापायरिनसारख्या ओळखीच्या नत्रीकरणरोधकाचा एक गट सोबत ठेवला की ही चाचणी या मातीत परिणाम पकडू शकते, याचीही खात्री होते.

सावरायला लागणारा काळ

सूक्ष्मजीवांची क्रिया औषधाशिवायही खाली-वर होते. मे महिन्यातील कडक ऊन, पहिल्या पावसाने साचलेले पाणी, सलग कोरडे आठवडे यांनी ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकते आणि पुन्हा चढते. डोम्श, याग्नो व अँडरसन यांनी १९८३ मध्ये याच निरीक्षणावर मूल्यमापनाची चौकट उभारली. नैसर्गिक ताणानंतर माती सहसा तीस दिवसांत सावरते. औषधानंतरही तेवढ्यात सावरली तर परिणाम सामान्य समजावा. साठ दिवसांपर्यंत लागले तर सहन करण्याजोगा, आणि त्याहून जास्त लागले तर गंभीर. म्हणजे घट किती झाली याइतकेच ती किती दिवस राहिली यालाही महत्त्व आले.

द्राक्षबागेत या चौकटीचा खरा कस लागतो. सावरायला चाळीस दिवस लागणारे औषध एकदा फवारले तर सहन होते. ते दर वीस दिवसांनी आले तर माती कधीच पूर्ण सावरत नाही. उलट बाजूही आहे. एकच औषध वारंवार येत राहिले की ते खाऊ शकणारे जिवाणू वाढतात आणि त्याचे विघटन अधिकाधिक वेगाने होते. मांजरीच्या केंद्रातील संशोधकांनी द्राक्षवेलीवरून वेगळ्या केलेल्या बॅसिलस सबटिलिसच्या काही वाणांमध्ये प्रोफेनोफॉस आणि कार्बेन्डाझिमचे विघटन करण्याची क्षमता दाखवली आहे. तांब्याच्या बाबतीत विघटन शक्य नसते, पण तांबे सहन करणाऱ्या जातींचे प्रमाण वाढते. अशा मातीत काम पूर्ववत चालू दिसते, मात्र संवेदनशील जाती नाहीशा झालेल्या असतात. हा बदल पकडायला दोन साधने आहेत. एक, बागेतील आणि बांधावरील सूक्ष्मजीव वेगळे काढून दोघांना चढत्या मात्रेचे तांबे देणे. बागेतले जास्त मात्रा सहन करीत असतील तर दीर्घकाळच्या दाबाचा तो पुरावा ठरतो. दुसरे, मातीतून काढलेल्या डीएनएवरून कोणत्या जाती आहेत आणि अमोनिया ऑक्सिडीकरणाच्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे मोजणे. डीएनए मेलेल्या पेशींचाही काही काळ टिकतो, म्हणून त्याचा निकाल श्वसन वा नत्रीकरणाच्या सोबतच वाचावा लागतो.

शेतातील तपासणी

प्रयोगशाळेच्या निकालाची खातरजमा अखेर बागेत होते. नमुने बोदावरून, दोन ओळींमधल्या जागेतून आणि न फवारलेल्या बांधावरून स्वतंत्र घ्यावेत. वरचे पाच सेंटिमीटर आणि त्याखालचे दहा सेंटिमीटर वेगळे ठेवावेत, कारण तांबे व बहुतेक बुरशीनाशके वरच्या थरातच राहतात. बोदावर शेणखत व ठिबकचे पाणी मिळत असल्याने तिथली सूक्ष्मजीवक्रिया बांधापेक्षा जास्त भरणे स्वाभाविक आहे. त्यामुळे बाग व बांध यांची सरळ तुलना औषधाचा परिणाम झाकू शकते; सेंद्रिय कर्बाच्या प्रमाणात जैविक वस्तुमान किती, हे गुणोत्तर अधिक विश्वासार्ह ठरते. फवारणीपूर्वी एकदा, नंतर आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच जागी नमुने घेतले की घट आणि सावरणे दोन्ही दिसतात. ट्रायकोडर्मा बुरशी किंवा स्यूडोमोनास जिवाणू सोडलेल्या बागेत त्यांची तारीखही नोंदवावी; बुरशीनाशक आणि उपयुक्त बुरशी एकाच आठवड्यात पडली तर पहिले दुसऱ्याला मारू शकते, आणि चाचणीतील गोंधळही वाढतो.

अशा अहवालातून निर्णय घ्यायचा तर त्यात पाच गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: सूक्ष्मजीवांचे कोणते काम मोजले, मातीचा पोत व सामू काय होता, मात्रा एका फवारणीची होती की साठलेली, उबवण किती अंशांवर व किती ओलीत झाली, आणि माती किती दिवसांत सावरली. यातील एकही गोष्ट गाळलेली असेल तर ‘मातीला सुरक्षित’ हा शेरा फक्त त्या भांड्यातल्या मातीपुरता खरा असतो. पाचही असतील तर त्यावरून बागेसाठी तीन निर्णय घेता येतात: एकाच गटातील औषधांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवायचे, वर्षाला हेक्टरी किती किलो तांब्यावर थांबायचे आणि कोणते औषध ठिबकमधून देणे टाळायचे.